बनावट पत्र आणि खरे मरण

विद्यार्थ्याच्या एखाद्या साध्या प्रश्नातून शिक्षकास जे शिकावयास मिळते, ते जाड जाड टीकाग्रंथांतून क्वचितच मिळते, असा माझा जवळजवळ तीस वर्षांचा अनुभव आहे. आमच्या नंदुरबारच्या वर्गात कोणी घरी भिली बोलणारा असतो, कोणी पावरी, कोणी अहिराणी, तर कोणी गुजराती. अशा वर्गापुढे शेक्सपिअरचे नाटक उलगडून सांगताना शिकविणाऱ्यास पाठ केलेल्या उत्तरांवर फार वेळ विसंबून राहता येत नाही. मागे एकदा 'हॅम्लेट'चा अखेरचा प्रवेश संपवून मी पुस्तक मिटले, तोच अक्राणीकडून आलेल्या एका मुलाने विचारले, "सर, ही तर खेळातली तलवारबाजी होती ना? मग माणसे खरीच कशी मेली?" वर्ग हसला. विषारी पाते, लेअर्टिसचा सूड, राजाचे कपट अशी नेहमीची उत्तरे मी दिली आणि तास संपविला. परंतु घरी परतताना तो प्रश्न माझी पाठ सोडीना. खेळ म्हणून आरंभलेली गोष्ट कोणत्या क्षणी खरी होते, आणि तो क्षण जवळ उभे असलेल्यांस का दिसत नाही, हा प्रश्न त्या मुलाने नकळत माझ्यापुढे ठेवला होता. त्याच रात्री मी गोपाळ गणेश आगरकरांचे 'विकारविलसित' पुन्हा वाचावयास घेतले. प्रस्तुत लेख हा त्या वाचनाचा परिपाक होय.

नीट पाहू गेले असता 'हॅम्लेट' हे नाटक खोट्या आणि खऱ्या गोष्टींच्या अदलाबदलीवरच उभारलेले आहे असे दिसून येईल. राजवाड्यात नटांचा खेळ होतो. तो खेळच असतो, पण त्याने खरा खुनी आसनावरून उठतो. पुढे जहाजावर राजपुत्र दुसऱ्याच्या नावाने एक बनावट पत्र लिहितो. पत्र खोटे, मोहोर मात्र खरी, आणि त्या पत्रासरशी त्याचे दोन जुने सोबती इंग्लंडात प्राणास मुकतात. शेवटी दरबारात पैज लावून तलवारीचा खेळ मांडला जातो आणि रंगभूमीवर चार प्रेते पडतात. ह्या अखेरच्या खेळाची तयारीही लक्षात घेण्याजोगी आहे. राजा लेअर्टिसला प्रथम विष देत नाही, प्रथम स्पर्धा देतो. तुझ्या हातच्या पट्ट्याची कोणा परदेशी स्वाराने किती वाखाणणी केली आणि ती ऐकून हॅम्लेट कसा मत्सराने जळू लागला, हे तो रंगवून सांगतो. चुरस पेटली म्हणजे विष मागाहून आपोआप येते.

आता हे नाटक मराठीत कोणी आणि कोठे आणले ते पाहा. आगरकर त्या वेळी 'केसरी'चे संपादक होते आणि हे भाषांतर त्यांनी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात असताना केले. १८८३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. ज्या कारणाने ते तुरुंगात गेले ते कारण म्हणजेही बनावट पत्रे आणि एका राजपुत्राविषयीचा संशय! मराठी वाङ्मयाच्या इतिहासात हा योग नोंदलेला आहे. पण नाटक आणि खटला शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची तसदी आपण सहसा घेत नाही. तो इतिहास थोडक्यात सांगणे येथे अवश्य आहे.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स येथे वारले. त्यांच्या गादीवर दत्तक घेतलेले चौथे शिवाजी महाराज त्या वेळी अगदी लहान होते. ते वयात येऊ लागले, तो त्यांच्या बुद्धीस भ्रंश झाला असल्याचे जाहीर करण्यात आले आणि संस्थानचा कारभार इंग्रज अधिकारी व दिवाण माधवराव बर्वे यांच्या हाती राहिला. महाराज खरोखर वेडे आहेत, की त्यांना वेडे ठरविले जात आहे, की छळानेच त्यांस वेडे केले जात आहे, ह्या प्रश्नाने सारा महाराष्ट्र अस्वस्थ झाला. 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे जानेवारी १८८१ मध्ये निघाली होती. त्यांस अद्याप पुरते वर्षही झाले नव्हते. पुण्यात 'ज्ञानप्रकाश' १८४९ पासून चालू होता. जुन्यांच्या पंक्तीत नव्याने बसणाऱ्यास आपला आवाज निराळा आणि निर्भय ऐकू यावा अशी ओढ असतेच. आणि ती ओढ हीन असते असे मुळीच नाही. आगरकर आणि टिळक ह्या दोघा तरुणांची राजपुत्राविषयीची कळकळ खरी होती. अशा वेळी महाराजांच्या जिवावर उठलेल्या कारस्थानाची साक्ष देणारी, दिवाणांच्या नावची काही पत्रे हाती आली. त्यांच्या आधारे मजकूर छापला गेला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि पत्रे बनावट असल्याचे उघडकीस आले. संपादकांनी माफी मागितली. तरी जुलै १८८२ मध्ये दोघांस चार महिन्यांची साधी कैद झाली. सूट मिळून १०१ दिवसांनी, ऑक्टोबरच्या अखेरीस ते बाहेर आले.

ह्या प्रकरणातील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. जोतीराव फुले आणि 'केसरी'चे चालक यांची मते सामाजिक प्रश्नांत अनेक ठिकाणी जुळणारी नव्हती. तरीही फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला. मतांची स्पर्धा माणुसकीच्या आड येऊ द्यावयाची नसते, हा धडा मराठी वृत्तपत्रसृष्टीस तिच्या पहिल्याच मोठ्या खटल्यात मिळाला होता.

तुरुंगातून सुटल्यावर आगरकरांनी 'डोंगरीच्या तुरुंगात आमचे १०१ दिवस' हे छोटेखानी पुस्तक लिहिले. मराठीतील तुरुंगविषयक वाङ्मयाच्या आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते, आणि ते अजूनही वाचनीय आहे, ह्याचे कारण त्यातील विनोद. कोठडीतील अडचणींचे वर्णन करताना लेखक स्वतःविषयी कणव मागत नाही. दोघे मित्र रात्री इतक्या मोठ्याने वाद घालीत की पहारेकऱ्यांस त्यांना आवरावे लागे, हा प्रसंग वाचताना आपण तुरुंगात आहो की कॉलेजच्या वसतिगृहात, असा भ्रम पडतो. परंतु पुस्तक मिटल्यावर मनात राहतो तो तुरुंग. ज्या पत्रांनी तेथे पोहोचविले ती पत्रे मनात राहत नाहीत. धैर्याचे चित्र इतके उजळ उतरले आहे की त्या उजेडात मूळची चूक पुसट होऊन जाते. पुढे हाच प्रकार आपण सर्वांनी केला. शाळेच्या पुस्तकांतून आपण १०१ दिवस शिकलो. बनावट पत्रांविषयी शिकलो नाही.

आणि खरे मरण तर पुढेच होते. २५ डिसेंबर १८८३ रोजी चौथे शिवाजी महाराज अहमदनगर येथे, जेथे त्यांस ठेवण्यात आले होते तेथे, मरण पावले. त्यांच्यावर देखरेख करणारा ग्रीन नावाचा गोरा शिपाई आणि ते यांच्यात झटापट झाली आणि प्लीहा फुटून त्यांचा अंत झाला. वय अवघे वीस वर्षांचे. हा अपघात, की मनुष्यवध, की खून, ह्याविषयी लोकांच्या मनातील संशय चौकशीने फिटला नाही. तो खूनच होता असे म्हणणारे लोक आजही आहेत. मार्च १८८४ मध्ये शाहू महाराजांचे दत्तविधान झाले, कोल्हापुरास एक थोर राजा मिळाला, आणि नगरच्या त्या तरुणाची कहाणी मागे पडली.

येथे माझे मुख्य म्हणणे मांडतो. बनावट पुरावा निरपराध माणसाचा घात करतो हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु तो त्याहून मोठा एक घात करतो: तो खऱ्या संशयाचा गळा घोटतो. कोल्हापूरच्या तरुण राजाचे हाल होत आहेत ही शंका निराधार नव्हती. त्याच्या अंतानेच ती तशी नव्हती असे दाखविले. परंतु त्या शंकेला कोणीतरी खोट्या पत्रांची काठी दिली, ती काठी न्यायालयात मोडली, आणि काठीबरोबर शंकाही लंगडी ठरली. महाराजांचे प्रेत नगरास पडले त्या दिवशी ज्यांनी सर्वांत मोठ्याने प्रश्न विचारावयाचे, त्यांच्या नावावर सतरा महिन्यांपूर्वीची शिक्षा आणि माफी जमा होती. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण मुलांस खोटे बोलू नये म्हणून सांगतो. परंतु तिच्यातील खरी भयंकर गोष्ट, अखेरीस लांडगा खरोखर येतो ही, आपण त्यांस समजावून देत नाही.

हा केवळ आमच्याकडचा योगायोग असता तर त्यावर मी एवढे लिहिले नसते. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी याच्या चाळीस वर्षे आधी असेच घडले होते. तेथे 'सन' नावाच्या स्वस्त दैनिकाने १८३५ मध्ये चंद्रावर पंखांची माणसे दिसल्याची कपोलकल्पित लेखमाला छापून खप वाढविला होता. त्याच पत्राने १८३८ मध्ये तंबाखूच्या दुकानात काम करणारी मेरी रॉजर्स नावाची तरुणी नाहीशी झाल्याची बातमी दिली. दुसऱ्या एका पत्राने लगेच ही थाप असल्याचे छापले. मुलगी परत आली, लोक हसले आणि विसरले. जुलै १८४१ मध्ये ती पुन्हा नाहीशी झाली. ह्या वेळी तीन दिवसांनी हडसन नदीत तिचे प्रेत सापडले. मग पत्रापत्रांत तर्कांची अशी झुंबड उडाली की एकाने प्रेत तिचे नव्हेच म्हणावे आणि दुसऱ्याने ते तिचेच म्हणून खुन्याची टोळी उभी करावी. ते गूढ अखेरपर्यंत उकलले नाही.

एड्गर ॲलन पो ह्याने ह्या मरणावर 'मेरी रोजेचे गूढ' ही कथा लिहिली. १८४२-४३ मध्ये ती एका मासिकात तीन हप्त्यांनी आली. न्यूयॉर्कचे पॅरिस झाले, मेरीचे नाव फ्रेंच झाले, आणि पोचा प्रसिद्ध शोधक द्युपँ खोलीतून न हलता निव्वळ वृत्तपत्रांची कात्रणे वाचून खुन्याचा माग काढू लागला. टीकाकार म्हणून मला ह्या कथेचा पूर्वार्ध फार थोर वाटतो. सत्य पुढे नेण्यापेक्षा खळबळ माजविणे हेच पत्रांचे पहिले काम होऊन बसते, हे द्युपँ एकेक कात्रण पिंजून दाखवितो; वृत्तपत्रांच्या भाषेची इतकी कठोर तर्कशुद्ध चिकित्सा त्या काळी दुसऱ्या कोणी केली असेल असे वाटत नाही. परंतु उत्तरार्धात पो स्वतःच त्या मोहास बळी पडतो. प्रसिद्धी चालू असतानाच एका खाणावळवालीने मरतेवेळी दिलेल्या कबुलीची वार्ता आली. मेरीचा मृत्यू गर्भपाताच्या प्रयत्नात झाला असावा असे तीतून सूचित होत होते. पोने मग आपल्या मजकुरात फेरफार केले आणि पुस्तकरूपाने छापताना आणखी केले. दुसऱ्यांच्या अंदाजांची हजामत करणाऱ्यास आपला अंदाज चुकला हे सांगवले नाही! शिवाय सर्वांत खेदाची गोष्ट ही की, सबंध कथेत मेरी कोठेच नाही. तिचे कपडे आहेत, तिच्या देहाच्या खुणा आहेत, तिच्या जाण्यायेण्याच्या वेळा आहेत. ती स्वतः एक गणित होऊन गेली आहे. गूढकथेचा हा जन्मजात दोष होय. गूढ उकलण्याच्या भरात, ज्याच्यामुळे गूढ निर्माण झाले तो जीवच गहाळ होतो.

आता अगदी आपल्या काळाकडे येऊ. ११ जून २०११ रोजी मुंबईत पवईस 'मिड-डे' पत्राचे गुन्हेवार्ताहर ज्योतिर्मय डे यांस मोटारसायकलवरून जात असता गोळ्या घालून ठार मारण्यात आले. ह्या वेळी मरण प्रथम आले आणि कथा मागाहून रचली गेली. नोव्हेंबरमध्ये 'एशियन एज' पत्राच्या जिग्ना व्होरा यांस अटक झाली. व्यवसायातील चुरशीतून त्यांनी डे यांच्याविरुद्ध छोटा राजन ह्या टोळीप्रमुखाचे कान भरले आणि डे यांचा पत्ता व गाडीचा क्रमांक पुरविला, असा आरोप ठेवण्यात आला. दूरध्वनीवर राजनशी झालेले आपले बोलणे मुलाखतीसाठी होते असे त्यांचे म्हणणे होते, आणि अशी मुलाखत त्यांच्या पत्रात छापूनही आली होती. २ मे २०१८ रोजी विशेष न्यायालयाने राजन व इतर आठ जणांस जन्मठेप दिली आणि व्होरांस निर्दोष सोडले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सुटका कायम केली.

कथानक म्हणून पाहिले तर आरोपाची ही कथा बेतीव होती. तीत दोन पत्रांची स्पर्धा आहे, एक महत्त्वाकांक्षी स्त्री आहे, परदेशात दडलेला खलनायक आहे, रात्रीबेरात्रीचे दूरध्वनी आहेत. लेअर्टिसला सांगितलेली मत्सराची गोष्ट जशी ऐकताक्षणी पटण्याजोगी होती, तशीच हीही होती. पण पटण्याजोगे असणे निराळे आणि खरे असणे निराळे. आश्चर्य ते हे की, रोज दुसऱ्यांच्या बातम्या तपासणाऱ्या व्यवसायबंधूंतही ह्या कथानकाची भुरळ पडलेले लोक थोडे नव्हते. कथेचे सर्व सांधे नीट जुळले की आपण पुरावा मागावयाचे विसरतो. हा वाचकाचा दोष आहे, आणि वार्ताहर हाही प्रथम वाचकच असतो.

व्होरा यांनी आपल्या कारावासाविषयी इंग्रजीत लिहिलेले 'बिहाइंड बार्स इन भायखळा' हे पुस्तक २०१९ मध्ये निघाले. डोंगरी आणि भायखळा ही दोन्ही ठिकाणे मुंबईतलीच. दोन्ही पुस्तके संपादकीय खोलीतून कोठडीत गेलेल्या माणसांची. पण केवढे अंतर! आगरकरांच्या सोबतीला मित्र होता, बाहेर लोक त्यांस वीर मानून स्वागतास उभे होते. म्हणून त्यांस विनोद परवडला. ह्या बाईंच्या पुस्तकात विनोदास जागा नाही. अंगझडतीची लाज, मुलाची आठवण, वृद्ध आजीआजोबांची काळजी, आणि काल ज्यांच्या शेजारी बसून बातम्या लिहिल्या त्यांनीच आज आपल्याविषयी लिहावे ह्याची जळजळ, हे सारे साध्या, कित्येकदा ओबडधोबड गद्यात येते. वाङ्मयगुणांच्या तराजूत आगरकरांचे पारडे निःसंशय जड आहे. तथापि एका बाबतीत मी ह्या पुस्तकास अधिक गुण देईन. पहिल्या पानावर आपले नाव झळकावे ह्या हव्यासाने आपणही एकेकाळी धावत होतो, हे लेखिका लपवीत नाही. ज्या यंत्राखाली ती चिरडली गेली त्याचे एक चाक आपणही फिरविले होते, ही जाणीव तीत आहे, आणि तीच ह्या पुस्तकास केवळ गाऱ्हाण्याच्या पातळीवरून वर उचलते.

ह्याच पुस्तकावरून हंसल मेहता यांनी २०२३ मध्ये 'स्कूप' ही सहा भागांची मालिका पडद्यावर आणली. मृण्मयी लागू वायकुळ त्यांच्या सहनिर्मात्या. नावे बदलली आहेत, पण प्रकरण ओळखू येते. वृत्तपत्राच्या कचेरीतील धावपळ, बातमी आधी कोणाची ह्याविषयीची हमरीतुमरी, संपादकाची घालमेल, ही चित्रे तीत सच्ची उतरली आहेत. मात्र प्रेक्षकास खिळवून ठेवण्यासाठी मालिकेला तेच उत्कंठेचे दोर ओढावे लागतात, ज्या दोरांनी नायिकेस बांधले गेले. ही अडचण तिला पुरती सोडविता आलेली नाही. आणि पुस्तक व मालिका दोहोंच्या बाबतीत एक उणीव मनास टोचते. ज्योतिर्मय डे कोठे आहेत? पोलिसांच्या खबऱ्यांच्या जगावर 'झिरो डायल' नावाचे पुस्तक लिहिणारा, खबर खरी की पेरलेली हे जन्मभर पारखीत आलेला हा माणूस, स्वतःच्या मरणाच्या कथेत एक प्रसंग होऊन राहतो. मेरी रॉजर्सचे जे झाले तेच त्याचे झाले. निरपराध ठरलेल्या स्त्रीला तिचे माणूसपण परत मिळाले हे फार चांगले झाले. परंतु मेलेल्याचे माणूसपण परत देण्याचे काम अद्याप कोणा लेखकाने अंगावर घेतलेले दिसत नाही.

आता पुन्हा 'विकारविलसिता'कडे वळतो, कारण येथे आगरकरांशी माझा नम्र मतभेद आहे. त्यांनी नाटकास दिलेले नाव मोठे अर्थपूर्ण आहे: मनोविकारांचा विलास. हॅम्लेटचा म्हणजे त्यांच्या चंद्रसेनाचा शोक, राणीची वासना, लेअर्टिसचा क्रोध, ह्या विकारांनी सर्वनाश ओढवला असा त्या नावाचा ध्वनी आहे, आणि आपल्याकडे हे नाटक पुढे बहुधा त्याच दृष्टीने पाहिले गेले. गणपतराव जोश्यांसारख्या नटाने ते गाजविले तेही विकारांच्या दर्शनामुळेच. परंतु मला असे वाटते की, हे नाटक विकारांचे आहे त्याहून अधिक प्रमाणांचे आहे. पित्याचे भूत येऊन खुनाची हकीकत सांगते. हकीकत हृदय पिळवटणारी, सांगणारा प्रत्यक्ष पिता, ऐकणारा आधीच चुलत्याचा द्वेष करणारा. विकारांचीच सत्ता असती तर त्याच रात्री तलवार चालली असती. पण राजपुत्र थांबतो. हे भूत कशावरून आपल्या पित्याचेच? कशावरून सैतानाने हे सोंग घेतले नसेल? ह्या एका शंकेसाठी तो नटांकरवी परीक्षा मांडतो. ज्या दिरंगाईबद्दल टीकाकारांनी त्यास दोनशे वर्षे धारेवर धरले, त्या दिरंगाईचा निदान पहिला भाग म्हणजे पुरावा तपासण्यास लागणारा वेळ आहे. तो दुबळेपणा नसून सभ्यता आहे. आणि ज्या क्षणी तो ही सभ्यता सोडतो, पडद्याआड कोण आहे हे न पाहता तलवार खुपसतो, त्या क्षणी भलताच माणूस मरतो आणि खरी अधोगती सुरू होते. त्यानंतर त्यास बनावट पत्र लिहिताना काहीच वाटत नाही.

बनावट पत्रांनी पोळलेल्या संपादकाने तुरुंगात बसून नेमके हेच नाटक मराठीत आणावे आणि त्यास प्रमाणांचे नाव न देता विकारांचे द्यावे, हे मला राहून राहून चमत्कारिक वाटते. पुढे आयुष्यभर ज्याने प्रत्येक रूढीस प्रमाण विचारले, त्या बुद्धिवाद्याच्या लेखणीतून ते नाव उतरले, हे तर विशेषच. आणखी सहा वर्षे लोटली नाहीत तोच डोंगरीचे हे दोन सोबती परस्परविरोधी पत्रांचे धनी झाले. १८८८ मध्ये 'सुधारक' निघाला, वाद विकोपास गेले, आणि विरोधकांनी पुण्यात आगरकरांची ते जिवंत असतानाच प्रेतयात्रा काढली. ज्यांनी ती काढली त्यांच्या लेखी तो खेळच होता. आगरकर १८९५ मध्ये, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी दम्याने वारले. त्या खेळाने ते मेले असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या घरापुढून आपल्याच घरधन्याची तिरडी नेली जाते, त्या घरातील बायकामुलांस खेळ आणि खरे ह्यांतला भेद कोणी आणि कसा समजावून सांगावा?

वाचक म्हणतील, हे सारे पुण्या-मुंबईचे आणि न्यूयॉर्कचे झाले. नंदुरबारच्या वर्गातील त्या मुलास ह्याचे काय? त्याचे उत्तर दुर्दैवाने आमच्या शेजारीच आहे. आमचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यास बरोबर वीस वर्षे झाली त्या दिवशी, १ जुलै २०१८ रोजी, नवापूरला लागून असलेल्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागावयास आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांस जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी आली आहे ही अफवा मोबाइलवरून हातोहात फिरत होती. आठवड्याच्या बाजारात तिला माणसे सापडली. त्या सुमारास देशभर फिरत असलेल्या चित्रफितींपैकी एक तर कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी मुद्दाम अभिनय करून तयार केलेल्या जाहिरातीचा कापलेला तुकडा होती. म्हणजे तीही खेळातलीच तलवारबाजी! कापणाऱ्याने शेवट कापला, पुढे धाडणाऱ्याने आधी मी म्हणून धाडली, आणि सोलापूरकडची पाच घरे उद्ध्वस्त झाली. १८८२ मध्ये खोटे पत्र छापावयास निदान छापखाना आणि संपादक लागत असे. आज प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे, आणि संपादक कोणीच नाही.

म्हणून मला वाटते की, 'हॅम्लेट' आमच्या मुलांस प्रेमभंगाचे किंवा सूडाचे नाटक म्हणून शिकविण्याचे दिवस संपले. ते पुराव्याचे नाटक म्हणून शिकविले पाहिजे. आणि तसे शिकवू लागले म्हणजे त्यातील एक उपेक्षित पात्र एकाएकी पुढे येते: होरेशियो. तो भूत आधी स्वतः पाहतो आणि मगच त्यावर विश्वास ठेवतो. ऐकीव गोष्टीवर ठेवीत नाही. नटांच्या खेळात तो राजाच्या मुद्रेवर नजर ठेवून बसतो आणि दुसऱ्याच्या निरीक्षणाशी आपले ताडून पाहतो. मरणारा राजपुत्र त्याच्यावर जे काम सोपवितो ते सूडाचे नव्हे. माझी हकीकत घडली तशी लोकांस सांग, एवढेच तो मागतो, आणि त्यासाठी मित्रास विषाचा पेला बाजूला ठेवून जगावे लागते. शेक्सपिअरच्या काळी वृत्तपत्रे नव्हती. परंतु उत्तम वार्ताहर कसा असावा ह्याचे चित्र त्याने ह्या एका पात्रात रेखून ठेवले आहे. नगरास मेलेल्या तरुण राजास असा होरेशियो मिळाला नाही. मेरी रॉजर्सला मिळाला नाही. ज्योतिर्मय डे स्वतः होरेशियो होऊ पाहत होते, आणि त्यांस तो अद्याप मिळावयाचा आहे.

पुढच्या तासाला मी त्या मुलास त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले. म्हणालो, "खेळातल्या तलवारीने माणसे मेली, कारण खेळ सुरू होण्यापूर्वी पात्याची धार कोणी तपासली नाही. हॅम्लेटनेही नाही. सगळ्या तलवारी सारख्याच लांबीच्या आहेत ना, एवढेच त्याने विचारले आणि हाती येईल ती घेतली." मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, पण तपासायचे काम त्याचे एकट्याचे नव्हते. बाकीचे सगळे नुसते बघत होते." ह्यावर मजजवळ उत्तर नव्हते, आणि ते शोधण्याची मला गरजही वाटली नाही, माझ्या वर्गात त्या दिवशी 'हॅम्लेट' शिकवून झाले होते.